दाखवा बरं, कसं घेता?

चोपन्नाव्या वर्षी मला श्वास घेता येत नाही, असं माझ्या मुलीच्या वयाच्या एका डॉक्टरीणबाईंनी मला तोंडावर सांगितलं. दम्यामुळे येत नाही, असं नव्हे. दमा होताच, तो त्यांनी महिनाभर आधी मला एका नळीत फुंकायला लावून पक्का केला होता आणि एक पंप लिहून दिला होता. पुन्हा तपासायला गेलो तर म्हणाल्या, "काका, पंप आणलाय ना? दाखवा बरं, कसं घेता?"

मी दाखवला. खिशातून काढला, खुळखुळ्यासारखा हलवला, टोपण उडवलं, तोंडात धरून दाबला आणि सिनेमातला खलनायक सिगारेटचा शेवटचा झुरका मारतो तसा सणसणून ओढला. नाकातोंडातून पांढरा धूर बाहेर आला. मला वाटलं, काम झाल्याचं लक्षण.

"बाहेर गेलं ते औषध होतं," त्या म्हणाल्या. "उरलेलं घशाला लागलं. छातीला काही मिळालेलं नाही. तुम्हांला श्वास घ्यायला शिकावं लागेल."

पुण्यात कुणालाही 'तुमचं चुकतंय' म्हणणं हेच मुळात धाडस. त्यात जे काम मी जन्मल्या क्षणापासून, एकही रजा न टाकता करत आलो, तेच चुकतंय म्हणे! पण बाईंनी कागदावर घशाचं चित्र काढलं आणि माझी वाचा बसली. पंपातून फवारा सुटतो तो ताशी शंभर किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने. समोर घशाचं वळण, जवळजवळ काटकोनातलं. द्रुतगती मार्गावरून सुसाट आलेली गाडी बोरघाटात वळली नाही तर काय होईल, तेच औषधाचं होतं. ते घशाच्या भिंतीवर जाऊन आदळतं. म्हणून श्वास हळू घ्यायचा, चार-पाच सेकंद लांबवायचा, पंप दाबायचा तो श्वास सुरू होता होता, आणि मग दहा आकडे मोजेपर्यंत कोंडून धरायचा. एवढं सगळं नीट केलं तरी पंपातल्या औषधापैकी फुप्फुसात पोचतं ते साधारण दहा ते वीस टक्के. १९८५ साली राजीव गांधी म्हणाले होते, की सरकारने गरिबासाठी रुपया खर्च केला तर त्याच्यापर्यंत पंधरा पैसे पोचतात. तेव्हा देशभर हळहळ झाली होती. दम्याच्या पंपाच्या हिशेबाने सरकारचं तंत्र अगदी वाखाणण्यासारखं होतं.

घरी आलो तो आत्याच्या तावडीत सापडलो. आत्या शहात्तर वर्षांची. तिच्या दम्याचा अनुभव माझ्या नोकरीपेक्षा मोठा. शिवाय ती भजनी मंडळात पेटी वाजवते, म्हणजे भाता कसा हलवायचा हे तिला हाडामासात मुरलेलं. माझी कवायत तिने चष्म्यावरून पाहिली.

"अरे, तू आधी दाबतोस आणि मग ओढतोस. तबलजी उठून गेल्यावर गाणं सुरू करण्यासारखं आहे हे. समेवर ये."

"समेवर म्हणजे?"

"आलाप घ्यायला सुरुवात कर. सूर लागला की बोट दाब. आणि घाई कसली? कुणी पुढचं तिकीट काढलंय का?"

डॉक्टरीणबाईंना कागद, पेन आणि प्लास्टिकचं फुप्फुस लागलं. आत्याने एका समेत काम उरकलं. तीन महिने मी रोज सकाळी आरशासमोर आलाप घेत होतो. बायको म्हणे, "निदान गाणं तरी शिका, औषध फुकट जाणार नाही."

हा पंप निघाला कसा, तेही एका मुलीच्या प्रश्नावरून. १९५५ साली अमेरिकेत रायकर लॅबोरेटरीज नावाच्या कंपनीचे अध्यक्ष होते जॉर्ज मेसन. त्यांच्या तेरा वर्षांच्या लेकीला दमा. तेव्हा काचेच्या नळीला रबरी फुगा लावलेला असे, तो दाबत बसायचं आणि वाफारा घ्यायचा. काच फुटायची, औषध सांडायचं. तिने वडिलांना विचारलं, केसांवर मारायचा फवारा डब्यात मिळतो, मग माझं औषध का नाही मिळत? आपल्याकडे तेरा वर्षांच्या मुलीने असा प्रश्न विचारला असता तर 'मोठ्यांच्या मध्ये बोलू नये' हे उत्तर तयार होतं. मेसनसाहेबांनी तो प्रश्न कंपनीत नेला आणि १९५६ साली पहिला मोजून मात्रा देणारा पंप बाजारात आला.

आता गंमत अशी की त्याच १९५६ साली पुण्यात सापडलेल्या एका परक्या तणाची भारतातली नवी वनस्पती म्हणून शास्त्रीय नियतकालिकात नोंद झाली. तेच ते गाजर गवत. अमेरिकेतल्या गव्हाबरोबर आलं असं सांगतात, आणि लोक त्याला काँग्रेस गवत म्हणतात. त्याच्या परागकणांनी किती नाकं गळायला लावली आणि किती छात्या वाजवल्या, हे आम्हां पुणेकरांना वेगळं सांगायला नको. म्हणजे अमेरिकेतलं दुखणं आणि दुखण्यावरचा इलाज, दोन्ही एकाच साली उजेडात आले. दुखणं आधी पोचलं. टपालखात्याचा दोष नाही. गवताला परवाना लागत नाही.

मी मात्र इकडे तीन महिन्यांत हळू श्वासात पारंगत झालो. बाईंसमोर आलाप घेतला. त्या खूश झाल्या, आणि म्हणाल्या, "छान. आता रोजच्या औषधासाठी तुम्हांला पावडरचा इनहेलर देते. यात जोरात ओढायचं हं. एकदम. जितकं जोरात जमेल तितकं."

मी त्यांच्याकडे नुसता बघत राहिलो. तीन महिने 'हळू, हळू' म्हणून जी बाई माझ्या मानगुटीवर बसली होती, तीच आता 'जोरात' म्हणत होती.

पण त्यांचं बरोबर होतं, आणि इथेच या दोन जातींच्या स्वभावातला फरक आहे. पंपात गॅस असतो. ढकलायचं काम तो करतो, आपण फक्त आडवं यायचं नाही. पावडरवाल्यात गॅस नाही, स्प्रिंग नाही, काही नाही. औषधाची बारीक भुकटी दुधातल्या साखरेच्या जाड कणांना चिकटून बसलेली असते. तिला तिथून उखडायला वारा हवा आणि तो वारा म्हणजे आपणच. पंपाशी नम्रपणे वागावं लागतं, पावडरीशी उर्मटपणे. आयुष्यभर मी नेमकं उलट करत आलो: साहेबाशी तावातावाने आणि शिपायाशी अदबीने. म्हणून बढतीही उशिरा मिळाली.

पावडरीच्या कामाला आमच्या घराण्यातली दुसरी विद्या कामी आली. टीव्हीसमोर बसून मी दोन वर्षं भस्त्रिका केली होती. एका हिसक्यात कॅप्सूलमधली भुकटी गायब! बाईंनी आत्यालाही पावडर देऊन पाहिली. तिने मात्र ती आलापात घेतली, अर्धी तशीच राहिली. मी पंप भस्त्रिकेत घ्यायचो, ती पावडर भजनात घेते. बाईंनी कपाळाला हात लावला आणि आत्याला तिचा पंप परत दिला. एका रोगाची, एका घरातली दोन माणसं. एकाला राग भैरव मानवतो, दुसऱ्याला लेझीम. कुठला इनहेलर चांगला, या प्रश्नाला बाई सरळ उत्तर का देत नाहीत, ते मला त्या दिवशी कळलं.

कॅप्सूल फिरवून भुकटी उडवायची ही युक्ती मुळात रॉजर आल्टुन्यान या ब्रिटिश डॉक्टरची. त्याला स्वतःला दमा होता, आणि ज्या औषध कंपनीत तो काम करायचा तिथली नवी औषधं तो आधी स्वतःवर वापरून बघायचा: ज्याची ॲलर्जी ते हुंगून मुद्दाम दम लावून घ्यायचा आणि मग औषध घ्यायचा. असं वर्षानुवर्षं. घरच्यांनी त्याला काय काय ऐकवलं असेल, याची कल्पना कुठल्याही दमेकऱ्याला येईल. दुसऱ्या महायुद्धात तो विमानदळात वैमानिक होता, म्हणून कॅप्सूलच्या बुडाशी विमानासारखा छोटा पंखा लावायचं त्याला सुचलं. श्वास ओढला की पंखा गरगरतो आणि भुकटी उडते.

आपल्याकडच्या साध्या उपकरणात पंखा नाही, पिळून कॅप्सूल उघडायची असते. ती कॅप्सूल दिसायला हुबेहूब पोटात घ्यायच्या कॅप्सूलसारखी. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांना दुकानदाराने तीस कॅप्सूलांची डबी दिली आणि "रात्री एक" एवढंच सांगितलं. काकांनी आठवडाभर रात्री एक, कोमट दुधाबरोबर, गिळली. उपकरण कपाटात, आपल्या खोक्यात, वॉरंटी कार्डासकट जपून. आठवड्याने म्हणाले, "काही गुण नाही हो. पण पोट साफ होतंय." त्यांना खरी रीत समजावून दिली तर आधी त्यांनी उपकरणात फुंकर मारली, साफ करावं म्हणून. आषाढीला बुक्का उधळावा तशी सगळी भुकटी माझ्या चष्म्यावर. मग ते उन्हाळ्यात रत्नागिरीला गेले आणि पावसाळा लागेपर्यंत राहिले. ज्या हवेत मिठाला पाणी सुटतं, तिथे ही भुकटी किती कोरडी राहणार? तिचे गोळे झाले. काकांनी उपकरण धुऊन ओलंच वापरलं, त्याने राहिलेलं काम पूर्ण केलं.

काकांना हसायची सोय नाही. १९७५ ते २०१४ या चाळीस वर्षांतल्या अभ्यासांचा एक मोठा आढावा २०१६ साली निघाला. त्यात दिसलं की इनहेलर बरोबर घेणारे रुग्ण साधारण एकतीस टक्के, आणि चाळीस वर्षांत त्यात सुधारणा काही नाही. पस्तीसला पास असतात हो! मानवजात चंद्रावरून परत आली, खिशातल्या फोनवरून दुधाची पिशवी मागवू लागली आणि श्वासाच्या परीक्षेत सलग चाळीस वर्षं नापास.

आत्याकडे यावरही तोडगा होता. हात थरथरू लागल्यापासून सम कधी कधी चुकते, म्हणून बाईंनी तिला स्पेसर सुचवला. हा म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामधला पोकळ नळकांड्यासारखा डबा. फवारा आधी त्यात जाऊन शांत होतो, मग आपण सावकाश ओढायचं. सम चुकली तरी बिघडत नाही, घशाला लागतंही कमी. आत्याला किंमत पटली नाही. तिने अर्धा लिटर पाण्याच्या रिकाम्या बाटलीच्या बुडाला तापल्या तारेने पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडलं, कडेने चिकटपट्टी लावली आणि बाटलीच्या तोंडाला तोंड लावून दोन पफ घेतले. मी ओरडलो. बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, केपटाउनच्या डॉक्टरांनी अशीच बाटली दम लागलेल्या मुलांवर वापरून पाहिली, १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापलंय, बाटली विकतच्या स्पेसरच्या तोडीची ठरली. तेव्हापासून आत्या 'लॅन्सेट' हा शब्द 'आमच्या भजनी मंडळात' या शब्दांच्या चालीवर वापरते.

नेब्युलायझरबद्दल थोडंच बोलतो, कारण त्याच्याबद्दल आधीच फार आदराने बोललं जातं. तो घरघरतो, वाफ सोडतो, मुखवटा लावावा लागतो. त्यामुळे भेटायला आलेल्या पाहुण्यांना 'ऑक्सिजनवर आहेत' असं घरी जाऊन सांगता येतं. जीवावर बेतलेला झटका नसेल तर मोठ्या माणसाला स्पेसर लावून घेतलेला पंपही तेवढंच काम करतो. पण पंपाचं काम चुटकीसरशी होतं, आणि चुटकीसरशी बरं झालेल्या माणसाला भेटायला संत्री घेऊन कोण येतं?

पंपात पुन्हा दोन प्रकार, निळा आणि दुसऱ्या कुठल्या तरी रंगाचा. निळा म्हणजे जावई. क्वचित येतो, आला की पाच-दहा मिनिटांत सगळं मोकळं, घरभर कौतुक. दुसरा म्हणजे सून. रोज सकाळ-संध्याकाळ राबते, श्वासनळीची सूज कमी ठेवते, आणि काही बिघडलं नाही म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. आत्या वर्षानुवर्षं नुसत्या जावयावर संसार करत होती. "त्या दुसऱ्याने काही कळतच नाही रे!" २०१९ साली दम्याच्या जागतिक मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलं गेलं, की मोठ्या माणसांनी नुसत्या निळ्यावर राहू नये, बरोबर सूज उतरवणारं औषध हवंच. ते आत्याला पटवायला सहा महिने लागले. सुनेत स्टिरॉइड असतं, हे कळल्यावर तर तिने पंप देव्हाऱ्यामागे नेऊन ठेवला. मग मी हिशेब मांडला. तिच्या जुन्या सालब्युटामॉलच्या गोळीत औषध असायचं चार मिलिग्रॅम. निळ्या पंपाच्या एका पफमध्ये तेच औषध शंभर मायक्रोग्रॅम. म्हणजे एक गोळी म्हणजे चाळीस पफ. थेट छातीत गेलं की थोडक्यात भागतं, स्टिरॉइडचंही तेच. आत्या गप्प झाली. फक्त घशाला लागलेलं स्टिरॉइड धुवायला चुळा भरायचं विसरायची, त्यामुळे तिचा आवाज बसला आणि मंडळात एकादशीचा अभंग दुसऱ्या बाईकडे गेला. त्या दिवसापासून ती पंपानंतर अशा चुळा भरते की खालच्या मजल्यावर टाकी भरल्यासारखं वाटतं.

मध्यंतरी इंग्लंडातल्या मावसबहिणीचा फोन आला. तिच्या दवाखान्याने तिला विचारलं होतं, की पंप सोडून पावडर घ्याल का? पंप ढकलायला पूर्वी जो वायू असायचा तो ओझोनच्या थराला भोक पाडतो म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर हळूहळू गेला. त्याच्या जागी आला तो ओझोनला काही करत नाही, पण कार्बन डायऑक्साइडपेक्षा तेराशेपट तरी जास्त ऊब धरतो. हे मी आत्याला सांगितलं.

"म्हणजे माझ्या दोन पफने हिमालय वितळतो?"

"थोडासा."

"आणि दिवाळीत समोरच्या वाड्यातले लोक दहा हजारांची माळ लावतात, त्याने?"

यावर 'लॅन्सेट'मध्ये काय छापलंय ते मला ठाऊक नव्हतं.

तर असं हे ज्ञान आमच्या घरात भरभरून वाहत असताना माझ्या बहिणीच्या मुलीचं लग्न ठरलं, आणि बहिणीने आम्हां दोघांना बाजूला घेऊन ताकीद दिली: "कार्यालयात पंप बाहेर काढायचा नाही." मुलाकडचे म्हणाले होते, आमच्या घरात कुणाला कसला आजार नाही. आत्याला यात नवीन काही नव्हतं. तिच्या स्वतःच्या पोहे-कार्यक्रमात तिची छाती शिट्टीसारखी वाजत होती, आणि आजोबांनी 'फोडणीचा ठसका लागलाय' असं सांगून वेळ मारून नेली होती. आतोबांना खरं कळलं ते लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत.

मंगलाष्टकं झाली, होम पेटला. भटजींनी तूप सढळ हाताने ओतलं आणि समिधा ओल्या निघाल्या. धूर छताला लागून खाली उतरू लागला. आत्याने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "मला जरा हात धुवायचेत." मी म्हणालो, "मलाही." आम्ही स्वयंपाकघराच्या मागच्या बाजूला, बेसिनच्या रांगेकडे निघालो.

तिथे आधीच कुणीतरी होतं. पैठणी, हिरवा चुडा, नथ एका हातात काढून धरलेली, आणि चुळा. साध्या चुळा नाहीत. ओळखीच्या, मान मागे टाकून, घशापर्यंत खळखळ नेलेल्या, टाकी भरल्यासारख्या. आत्याने माझा दंड दाबला. विहीणबाईंनी मान वर केली. आम्हांला पाहून पदराआड काहीतरी लपवलं, पण पंपाचं टोपण हातातून सुटलं आणि टणटणत माझ्या पायाशी आलं.

मी ते उचलून दिलं. कुणीच काही बोललं नाही. मग आत्याने कमरेच्या बटव्यातून आपला पंप काढला, विहीणबाईंच्या समोर धरून खुळखुळ हलवला, आणि मीही खिशातून माझं पावडरीचं काढलं. विहीणबाईंनी एकदा दारापर्यंत नजर टाकली.

"रोजचा आत्ताच घेतला, पण धुराने पुन्हा दाटलंय," त्या हळूच म्हणाल्या. "निळाही आहे हो, पण गडबडीत स्पेसर घरीच राहिला. तुमच्याकडे आहे का?"

"माझा कशाला, नवा करून देते," आत्या म्हणाली. पंगतीसाठी मांडलेल्या अर्ध्या लिटरच्या बाटल्यांपैकी एक तिने उचलली, पाणी बेसिनमध्ये ओतलं आणि बुडाकडून बोटाने माप घेतलं. "'लॅन्सेट'मध्ये आलंय. अरे, बघत काय उभा राहिलास? आचाऱ्याकडून एक झारा तापवून आण. आणि कशाला पाहिजे विचारलं, तर विहिणीचा मान आहे म्हणून सांग."